झाकण उघडू द्या!

कुकरची रिंग झिजली म्हणून कोणी कुकर भंगारात टाकीत नाही. मग गोंदाने चिकटवलेली बॅटरी आणि डाख देऊन जखडलेली मेमरी असलेला लॅपटॉप आपण मुकाट्याने का पत्करतो? म्हणे, यंत्र पातळ हवे तर दुसरा उपायच नाही. साफ खोटे! २०२१ साली अमेरिकेतील फ्रेमवर्क कंपनीने १६ मिलिमीटरांहून पातळ, घरी भाग जोडून पुरा करायचा लॅपटॉप काढला. सोबत स्क्रू-ड्रायव्हरही दिला.

भाग बदलता येतो. त्यात लिहिलेले बुडाले तर बाजारात मिळत नाही. म्हणून माझी कादंबरी मी दोन बाह्य हार्ड डिस्कवर ठेवतो: एक घरी, एक बहिणीकडे.

वाचकहो, पाडव्याच्या खरेदीत दुकानदाराला आधी एवढेच विचारा, "याचे झाकण उघडते का?"