एचपी-यूएक्सचा सपोर्ट संपला. छोट्या सर्व्हरवाल्यांनी काय करायचं?

३१ डिसेंबर २०२५ रोजी एचपी-यूएक्स ११आय व्ही३ चा नियमित सपोर्ट संपला. खरी अडचण आहे ती आरएक्स२८०० आय६ सारख्या एकाच छोट्या सर्व्हरवर सगळा धंदा चालवणाऱ्यांची. दोन इटॅनियम प्रोसेसर, मिळून १६ कोअर, ईसीसी मेमरी, मशीन चालू असतानाच बदलता येणारे पॉवर सप्लाय. मशीन दणकट आहे, अजून काही वर्षं चालेलही. पण इंटेलने शेवटचे इटॅनियम २०२१ मध्येच पाठवले, आणि या चिपसाठी बनलेला प्रोग्रॅम झिऑनवर थेट चालत नाही.

मग सोर्स कोड पुन्हा कंपाइल केला की झालं? नाही ना! एचपी-यूएक्स बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्यातला मोठ्या किमतीचा बाइट आधी ठेवते. झिऑनवरचं लिनक्स नेमकं उलट. जुनी बायनरी फाइल तशीच वाचली तर ३२ बिटांतला १ चक्क १,६७,७७,२१६ होतो. स्टॉकच्या फाइलमध्ये असं झालं तर बघायलाच नको.

आयबीएमचं एआयएक्सही बिग-एंडियन, त्यामुळे हा त्रास तिथे वाचतो. कंपाइल मात्र करावंच लागतं. छोट्यांसाठी २०२४ चा पॉवर एस१०१२ आहे: एक पॉवर१० प्रोसेसर, आठ कोअरपर्यंत, मेमरी २५६ जीबीपर्यंत. जुलै २०२५ मध्ये पॉवर११ आला, म्हणजे या चिपची पुढची पिढी तरी दिसतेय. अर्थात पुन्हा एकाच कंपनीच्या चिपला बांधून घेणं आलंच.

माझ्या मते कोटेशन मागवण्याआधी सोर्स कोड शोधा. तोच हरवला असेल तर उरतं एम्युलेटर, जे वेग खातं, किंवा सरळ नवं सॉफ्टवेअर.