कुपीतला भाजीमळा

सुगंध म्हटला की आपली वाङ्मयीन स्मृती फुलांकडे धाव घेते. मोगऱ्याचा दरवळ आणि केवड्याचा घमघमाट यांना भाषेत मानाचे पान आहे. मेथीची जुडी, टोमॅटोचा पाला, नुकतीच तोडलेली ढोबळी मिरची यांच्या वाट्याला मात्र नुसता 'वास' येतो. फ्रेंच अत्तरकलेने ही वर्णव्यवस्था विसाव्या शतकात मोडली. उन्हाळ्यातल्या भाजीमळ्याचा वास देणारी अत्तरे हा पाश्चात्त्य बाजारात आता एक रुळलेला प्रकार झाला आहे. टोमॅटोची पाने, काकडी, पुदिना, ओली माती, सारे एका महागड्या कुपीत. मंडईत फुकट मिळणाऱ्या वासासाठी कोणी पैसे का मोजावेत, अशी त्याची थट्टा करणे सोपे आहे. आम्हांला ती थट्टा अपुरी वाटते. ही अत्तरे एका प्राचीन वाङ्मयप्रकाराची वंशज आहेत, आणि त्या प्रकाराला विचारायचा प्रश्न त्यांनाही विचारला पाहिजे: या मळ्यात राबणारा माणूस कुठे गेला?

या परंपरेचा एक ठळक टप्पा म्हणजे १९४७ सालचे 'व्हाँ व्हेर', अर्थात 'हिरवा वारा'. पिएर बाल्माँ यांच्या वस्त्रगृहासाठी ते जर्मेन सेलिए यांनी घडवले. अत्तरकर्त्यांमध्ये स्त्रिया अपवादानेच आढळण्याचा तो काळ. त्यात त्यांनी गॅल्बनम नावाचा डिंक कमालीच्या सढळ हाताने वापरला. प्रामुख्याने इराणातून येणारा हा डिंक हिंगाच्याच, म्हणजे फेरुला या वंशातल्या वनस्पतींपासून मिळतो. त्याचा वास हिरवा, कडवट आणि काहीसा उर्मट. मोडलेल्या देठाची आणि कच्च्या शेंगेची आठवण देणारा. पुढे १९७० च्या दशकात जाँ-क्लोद एलेना यांनी सिस्लेसाठी केलेल्या 'ओ द काँपान्य'मध्ये टोमॅटोच्या पानाला मध्यवर्ती स्थान मिळाले. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डिमीटर या संस्थेने, जिचे नावच शेतीच्या ग्रीक देवतेचे आहे, टोमॅटो, गवत आणि माती अशा सरळ नावांची अत्तरे बाजारात आणली.

ही अत्तरे भाज्या पिळून निघत नाहीत, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. ती बव्हंशी रचलेली असतात. लेखक शब्द जुळवतो तसे अत्तरकर्ता रेणू जुळवतो. ढोबळ्या मिरचीच्या वासामागचा पायराझिन वर्गातला रेणू १९६९ मध्ये ओळखला गेला. एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे दोनेक भाग असले तरी मानवी नाकाला त्याची चाहूल लागते. काकडीचा वास नोनाडायनॅल या रेणूचा, कापलेल्या गवताचा वास हेक्झेनॉल आणि त्याच्या आप्तांचा. यांतला एक तपशील आमच्या दृष्टीने निर्णायक आहे. अखंड, न दुखावलेल्या पानाला हा हिरवा वास जवळजवळ नसतो. पान तुटले, चुरगळले वा कातरले गेले की पेशींतली विकरे तिथल्या स्निग्धाम्लांवर काम करू लागतात आणि क्षणार्धात तो वास जन्मतो. टोमॅटोच्या पानांवर आणि देठांवर सूक्ष्म ग्रंथिल लव असते; नुसत्या स्पर्शाने ती फुटते आणि बोटांना तो उग्र वास चिकटतो. कीटकांपासून बचाव हे त्या लवेचे प्रयोजन. थोडक्यात, आपण ज्याला ताजेपणा म्हणतो तो वनस्पतीच्या जखमेचा आणि तिच्या प्रतिकाराचा वास आहे.

याचा अर्थ असा की भाजीमळ्याचा वास हा दुरून पाहणाऱ्याचा अनुभव नव्हे. तो खुरपणाऱ्या, फुटवे खुडणाऱ्या, वेलाला काठीशी बांधणाऱ्या हाताचा अनुभव आहे. फूल हात न लावता दरवळते. मळा हात लावल्यावर बोलतो. कुपीत जेव्हा 'उन्हाळ्यातला मळा' भरला जातो तेव्हा खरे तर कुणाच्या तरी श्रमाची खूणच तीत उतरलेली असते. मात्र ती खूण तिच्या कर्त्यापासून तोडलेली असते.

श्रमाचे असे सौंदर्यात रूपांतर करण्याचा इतिहास फार जुना आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात थिओक्रिटसने अलेक्झांड्रियाच्या राजाश्रयात सिसिलीतल्या मेंढपाळांची गाणी रचली, आणि राजधानीतल्या श्रोत्यांसाठी खेडे निर्माण करणारे गोपकाव्य युरोपात रुजले. फ्रान्समध्ये त्याला जमिनीवरचे रूप आले ते व्हर्सायच्या राजेशाही भाजीमळ्यात. १६७८ ते १६८३ या काळात जाँ-बाप्तिस्त द ला कँतिनी यांनी चौदाव्या लुईसाठी सुमारे नऊ हेक्टरांवर हा मळा उभारला. जागा मुळात दलदलीची. लोक तिला 'नासके तळे' म्हणत. ती बुजवून, घोड्यांच्या ताज्या लिदीच्या उबेवर वाफे तापवून, ऐन हिवाळ्यात राजाच्या ताटात शतावरीचे कोंब पोचवले जात. माळ्यांचे काम पाहायला राजा उंच गच्च्यांवरून फिरे. त्या उंचीवरून दृश्य दिसते, लीद दिसत नाही. आजच्या कुपीची रचनाही बरीचशी त्या गच्चीसारखी आहे.

हे सारे एकाच कादंबरीत पाहायचे असेल तर प्रूस्तकडे जावे. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्वानच्या वाटेने' या खंडातल्या काँब्रे भागात निवेदक शतावरीच्या रंगांवर लुब्ध होतो, आणि ती खाल्ल्यानंतर रात्री शौचपात्राचेही अत्तरपात्र होते, असे खट्याळपणे नोंदवतो. भाजीच्या वासाचा इतका अभिजात गौरव विरळाच. पण त्याच प्रकरणात प्रूस्त पडदा बाजूला सारतो. त्या उन्हाळ्यात घरात इतकी शतावरी का शिजत होती, याचे उत्तर निवेदकाला अनेक वर्षांनी मिळते. ती सोलणाऱ्या मोलकरणीला तिच्या वासाने दम्याचे असह्य झटके येत, आणि तिने घर सोडून जावे म्हणून स्वयंपाकीण फ्रांस्वाझ हे काम तिच्याच माथी मारत असे. एकाच वासाने एकाला काव्य दिले आणि दुसरीचा श्वास कोंडला. प्रूस्त मोठा ठरतो तो हे दोन्ही वास एकाच स्वयंपाकघरात ठेवल्यामुळे.

मग अत्तराने शेतमजुराच्या घामाचाही अंश मिसळावा, अशी आमची मागणी आहे काय? मुळीच नाही. कलाकृतीकडून हजेरीपटाची अपेक्षा करणे हा समीक्षेचा आळस आहे. आमची कसोटी कलाकृतीच्या अंगातलीच आहे: वासातला उग्रपणा शिल्लक ठेवला आहे की नाही? सेलिए यांचे गॅल्बनम कडू होते आणि ते कडूपण त्यांनी झाकले नाही. टोमॅटोच्या पानातला तिखट, किंचित धातूसारखा अंश ज्या अत्तरात जिवंत राहतो, तिथे वनस्पतीचा प्रतिकार शिल्लक असतो आणि तिला स्पर्श करणाऱ्या हाताचा मागही. याउलट ज्या कुपीत मळा गोड केलेला असतो आणि वेष्टनावरच्या मजकुरात आजीचे अंगण, सकाळचे दव नि निरागस बालपण यांची पखरण असते, ती कुपी गच्चीवरूनच मळा पाहत असते. गोडवा हे इथे विस्मरणाचे तंत्र आहे.

मराठी वाचकाने ही गोष्ट परदेशी चैनीची म्हणून बाजूला ठेवू नये. आपल्या समीक्षेनेही एक कुपी वर्षानुवर्षे बाळगली आहे. तिच्यावर 'मातीचा गंध' अशी चिठ्ठी आहे. ग्रामीण साहित्याच्या प्रस्तावनांतून, परीक्षणांतून आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतून ती सढळ हाताने शिंपडली जाते. मातीचा गंध आला की कर्ज, पाण्याची पाळी, रोजगाराचा दर, बांधावरची भांडणे यांच्याबद्दल बोलण्याची गरज उरत नाही. लेखकाने उग्र ठेवलेले आपण कौतुक करता करता गोड करून टाकतो. संत सावता माळी यांच्या अभंगात ज्या भाज्यांत विठ्ठल दिसतो त्यांच्या शेजारी पाणी उपसण्याची साधनेही आहेत. भक्ती करणारा आणि वाफ्यांना पाणी देणारा तिथे एकच माणूस आहे. त्या अभंगाला 'मातीचा सुगंध' म्हणून मोकळे होणे म्हणजे त्यातली विहीर बुजवणे होय.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना आमचे एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी एखाद्या कथेला मातीचा गंध आहे असे लिहावेसे वाटले, तर लेखणी क्षणभर थांबवावी आणि तो गंध कशाचा, हे त्या कथेतच शोधावे: लिदीचा, घामाचा, फवारलेल्या औषधाचा की तुटलेल्या देठाचा. उत्तर सापडले तर त्या वासाचे नेमके नाव लिहावे. नाहीच सापडले, तर कथा गच्चीवरून लिहिलेली आहे किंवा आपण ती गच्चीवरून वाचली आहे, आणि या दोहोंपैकी काय घडले ते ठरवणे हेच समीक्षेचे काम आहे.