बाबासाहेब आज आपला पेपर तपासतील तर?

प्रजासत्ताक दिनाला तिरंग्याचं स्टेटस आपण सगळेच ठेवतो. पण संविधान स्वीकारण्याच्या आदल्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९४९ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेत काय बोलले, ते वाचलंय? त्यांनी तीन इशारे दिले होते. आज ते आले, तर बहुधा त्यावरूनच आपला पेपर तपासतील.

पहिला: मागण्यांसाठी संविधानाचाच मार्ग धरा. इथे आपण काठावर पास. दगडफेक, बस जाळणं थांबलेलं नाही. पण सरकार ठरतं ते मतदानातूनच. २०२४ च्या लोकसभेला सुमारे ९७ कोटी मतदार होते. हे पाहून ते सुखावतील.

दुसरा: राजकारणात भक्ती नको, ती हुकूमशाहीकडे नेते. आता नेत्याला कुणी प्रश्न विचारला की कमेंटमध्ये काय होतं, आठवा. पक्ष कुठलाही असो! आणि खुद्द बाबासाहेबांचाही फोटो आपण लावतो, भाषण वाचत नाही. मीही ते असाइनमेंटसाठीच पहिल्यांदा वाचलं.

तिसरा सगळ्यात अवघड: एक व्यक्ती, एक मत एवढ्यावर भागणार नाही. सामाजिक आणि आर्थिक विषमता राहिली, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. आणि आपण? कॉट बेसिसवर रूम बघायला जा. भाड्याच्या आधी प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ मतदान केंद्रावर सगळ्यांची रांग एक, घराच्या दारात मात्र वेगळी.

पुढच्या वेळी तुम्हीच रूममेट शोधत असाल, तेव्हा हा प्रश्न विचारू नका. तिसरा पेपर तिथूनच सुटायला लागेल.