दोन औषधं, एकच यादी



माझी नणंद सिंगापूरला असते. तिला ॲसिडिटीचा जुना त्रास. रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं. डॉक्टरांची पॅन्टोप्रेझोलची गोळी रोज चालू होती, पण पूर्ण आराम पडेना. मग ती तिथल्या चिनी वैद्याकडे गेली. पुड्यांनी बरं वाटू लागलं. दिवाळीत आली तेव्हा मला म्हणाली, "वहिनी, सगळं नैसर्गिक आहे, तुम्हीही घ्या."

पाकिटावरची नावं आम्ही शोधली. एक होतं हाय प्याव श्याव, म्हणजे माकूळ या समुद्री जिवाचं हाड! दोघींचे चेहरे उतरले. ॲसिडिटीवरच्या चिनी औषधांत ते नेहमीचंच. त्यात मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतं, खडूत असतं तेच. त्यामुळे आम्ल शमतं. गुण खोटा नाही. पण हेच कॅल्शियम तिच्या थायरॉईडच्या गोळीला अंगी लागू देत नाही. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. दुसरं निघालं ज्येष्ठमध. ते रोज फार पोटात गेलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम कमी होतं. लघवी होण्याची गोळी चालू असेल तर जास्तच. तिला तीही गोळी आहे. वैद्याला गोळ्या ठाऊक नव्हत्या, डॉक्टरांना पुड्या.

चीनमध्ये दोन्ही पद्धतींची औषधं एकाच रुग्णालयात देतात. तेव्हा दोन्ही घेणं चूक नाही, लपवणं चूक आहे. मी कॉमर्सची, दोन वह्या ठेवल्या की हिशेब जुळत नाही, एवढं मला कळतं. आपणही डॉक्टर रागावतील म्हणून चूर्ण आणि काढे सांगत नाही. आणि चिनी औषधालाच का नावं ठेवा? आपल्या कॅप्सूलचं कवचही पुष्कळदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांपासूनच केलेलं असतं. विचारा, बऱ्याचदा गोळीही मिळते.

नणंदेने परत गेल्यावर दोघांपुढे एकच यादी ठेवली. वैद्याने हाड आणि ज्येष्ठमध दोन्ही वगळलं. तिथे सुटलेलं सूर्यास्तापूर्वीचं जेवण तिने पुन्हा धरलं. झोपण्याआधी दोन-तीन तास काही खाऊ नका, असं तिचे डॉक्टरही सांगत होतेच!

आज दुपारी तुम्हीही डबा उघडा आणि यादी करा.