रकान्यांतील घरें

आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति छापावयाची असें गेल्या दिवाळींत ठरलें, आणि जुन्या वह्यांतील नांवें, पत्ते व जन्मतारखा संगणकावरील स्प्रेडशीटमध्यें उतरविण्याचें काम घरांतील तरुण मंडळींनीं अंगावर घेतलें. काम झपाट्यानें झालें. मुद्रकाकडे पाठविण्यापूर्वीं आम्ही तें वाचावयास बसलों, तेव्हां आत्याबाईंच्या वयाच्या घरांत आंकड्याऐवजीं "####" अशी जाळी दिसली. मुलें हंसलीं. आत्याबाई म्हणाल्या, "बरोबरच आहे रे. एवढें वय यंत्राला तरी कुठून मोजवणार?"

ही गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, हें आम्हांस थोड्याच वेळांत कळून आलें. घरखर्चाच्या व मंडळाच्या वह्या आज आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं अशाच लिहिल्या जातात. म्हणून तो अनुभव येथें देतों.

स्प्रेडशीटच्या प्रत्येक घरांत (तरुण मंडळी यास सेल म्हणतात) दोन गोष्टी असतात: आंत ठेवलेलें मूल्य आणि बाहेर दिसणारें रूप. रूप बदललें म्हणून मूल्य बदलत नाहीं. घरांत २.७५ असतां पूर्णांकाचें रूप दिलें तर ३ दिसतील. बेरजेंत मात्र २.७५ च धरले जातील. रकान्याची बेरीज कधीं कधीं एका रुपयानें चुकल्यासारखी भासते ती यामुळेंच. आंतलें मूल्य पाहावयाचें असल्यास त्या घरावर येऊन वरच्या सूत्रपट्टीकडे पाहावें.

जाळीचें नेहमीचें कारण साधें आहे: रकाना अरुंद असतो. मजकूर लांबला तर तो शेजारच्या रिकाम्या घरावर पसरतो, किंवा तुटलेला दिसतो. रकमेचें तसें करून चालत नाहीं. १२५००० मधील शेवटचीं दोन शून्यें झांकलीं गेलीं तर वाचणारा खुशाल १२५० समजेल. त्यापेक्षां कांहींच न दाखविलेलें बरें. उपाय इतकाच कीं, रकान्याच्या माथ्यावरील अक्षराच्या उजव्या कडेवर दोनदां टिचकी मारावी, म्हणजे रकाना हवा तेवढा रुंद होतो.

आम्हीं तसें करून पाहिलें. मग रकाना हातानें ओढूनही रुंद केला. जाळीही तितकीच रुंद झाली!

येथें दुसरें कारण होतें. एक्सेलमध्यें तारीख ही आंतून दिवसांची मोजणी असते. १ जानेवारी १९०० हा दिवस १, आणि १ जानेवारी २००० हा दिवस ३६५२६. आमच्या पुतण्यानें वय काढण्यासाठीं आजच्या तारखेंतून जन्मतारीख वजा केली होती, आणि उत्तराला वर्षाचे शेवटले दोनच आंकडे दाखविणारें तारखेचें रूप दिलें होतें. बहुतेकांचीं वयें त्यानें ठीक दिसत. परंतु उत्तर उणें आलें तर उणी तारीख दाखवितां येत नाहीं, आणि जाळी उमटते. आत्याबाईंचें वय उणें कसें? सूत्रपट्टींत पाहिलें तों जन्मतारीख १५ ऑगस्ट २०२८! जुन्या वहींत "१५-८-२८" एवढेंच होतें, आणि तेवढेंच उतरविलें गेलें. शतक कोणतें तें आपण माणसें मनांत समजून घेतों. यंत्रानें आपल्या नियमानें २८ म्हणजे २०२८ धरलें, आणि बाहेरच्या रूपांत मात्र "२८" च दिसत राहिलें.

मग आम्हीं सर्व वही धुंडाळली. १९२४ सालीं जन्मलेल्या आमच्या कैलासवासी काकांच्या तारखेंतही २०२४ सांपडलें. ते हयात नसल्यामुळें वयाचें घर रिकामें होतें. जाळीची खूण तेथें उमटलीच नव्हती. जन्मक्रमानें यादी लावली तेव्हां मात्र ते आपल्या नातवाच्याही खालीं जाऊन बसलेले आढळले. जाळी नजरेस टोंचते, पण ती चूक लपवीत नाहीं. नीटनेटक्या दिसणाऱ्या घरांतील चूक तशीच छापून गेली असती, आणि पुढील पिढ्यांनीं तीच खरी मानली असती.

कांहीं दोष तर रूप बदलूनही सुधारत नाहींत. छपाईनंतर उरलेली रक्कम विद्यार्थ्यांस पाठवावयाची म्हणून बँकेचे खातेक्रमांक जमविले होते. बारा आंकडी क्रमांक आंखडून घातांकाच्या रूपांत दिसतो. त्यास दशांशस्थळें नसलेल्या संख्येचें रूप दिलें कीं तो पुन्हां पुरा दिसतो. परंतु संख्या म्हणून पंधराच आंकडे खरे राखले जातात. सोळाव्याच्या जागीं शून्य येतें, आणि मूळ आंकडा कायमचा जातो. आरंभींचें शून्यही तसेंच गळतें. यासाठीं क्रमांक लिहिण्यापूर्वींच त्या रकान्यास मजकुराचें रूप द्यावें, किंवा आधीं एकेरी अवतरणचिन्ह घालावें. मागाहून केलेला उपाय व्यर्थ होय. आम्हांस सर्व क्रमांक पासबुकांवरून पुन्हां लिहावे लागले.

यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. कांहीं जनुकांचीं इंग्रजी संक्षिप्त नांवें मार्च व सप्टेंबर या महिन्यांसारखीं असल्यामुळें त्यांच्या तारखा होत. अखेर २०२० सालीं शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीनें नांवें बदलल्याचें जाहीर केलें.

आमची सूचना इतकीच: साल नेहमीं चार आंकडी लिहावें व चार आंकडीच दिसूं द्यावें, आणि वही पुरी झाल्यावर घरांतील वडील माणसांस एकदां वाचून दाखवावी. त्यांच्या स्मरणाची सूत्रपट्टी कोणत्याही यंत्रांत नाहीं.

साल दुरुस्त होतांच आत्याबाईंचें वय दिसूं लागलें. त्यांनीं चष्मा सांवरून तें पाहिलें आणि विचारलें, "माझ्या आईची तारीख घातलीस का?" त्यांच्या आईचा जन्म १८९७ चा. १९०० पूर्वींची तारीख यंत्र तारीख म्हणून घेत नाहीं. ती मजकूर होऊन घराच्या डाव्या कडेस बसते, आणि तिच्यावरून हिशेब होत नाहीं. आम्हीं ती अक्षरांतच लिहिली, व क्रम लावण्यासाठीं सालाचा रकाना निराळा केला. यंत्राची दिनदर्शिका १९०० पासून सुरू होते. आमच्या कुळाची तशी नाहीं.