आधी पिशवी, मग बेत

आषाढातल्या रविवारी सकाळी ठाणे स्टेशनबाहेर भाजीला गेलो की खिशातली यादी निकामी होते. यादीत फ्लॉवर, फरसबी, सिमला मिरची. समोर गोणपाटावर टाकळा, कुर्डू, फोडशी आणि सागाच्या पानावर मांडलेले कर्टुल्यांचे वाटे. आसनगाव-आटगावकडून पहाटेच्या लोकलने ही हिरवळ डोक्यावर घेऊन आलेल्या बायका दहा-साडेदहाला परतही जातात. उशिरा उठणाऱ्याच्या वाट्याला फ्लॉवरच.

गेल्या रविवारी फोडशीची एक जुडी उचलली. मावशी म्हणाली, "दोन घे दादा, शिजून मूठभर होते." मग न विचारताच पुढचं सांगितलं. मुळाकडचा पांढरा भाग उकलून धुवायचा, तिथे माती अडकलेली असते. मधला निबर दांडा काढून टाकायचा. कांदा सढळ हाताने आणि भिजवलेली चणाडाळ. मी दोन जुड्या घेतल्या. घरी आईने कढई उतरवली तेव्हा चौघांना जेमतेम पुरेल एवढीच भाजी होती. गवत आणलंस म्हणून नाक मुरडणाऱ्या मुलीने भाकरीबरोबर दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा कढई रिकामी होती.

मोबाइलवर भाजी मागवताना हेच हरवतं. भाजी ताजी येते, निवडलेली येते, दहा मिनिटांत येते. ती कशी करायची हे सांगणारं माणूस मात्र येत नाही. मग आपण ज्या आठ-दहा भाज्या करता येतात त्याच मागवत राहतो. जूनमध्ये फ्लॉवर-बटाटा, डिसेंबरमध्येही फ्लॉवर-बटाटा. मुलं भाज्या खात नाहीत ही तक्रार घरोघरी ऐकू येते. बारा महिने तेच ताटात पडलं तर मोठी माणसं तरी किती दिवस आवडीने खातील?

रानभाजीच्या बाबतीत तर हे सांगणं जिन्नसाइतकंच महत्त्वाचं. पहिल्या पावसात येणारी शेवळंच घ्या. त्यांच्याबरोबर काकडं नावाची आंबट हिरवी फळं घ्यावीच लागतात, नाहीतर घशाला खाज सुटते. विकणारी बाई काकडांचा वाटा शेजारीच ठेवते, तो उगाच नव्हे. एका वर्षी आमच्याकडे घाईत काकडं स्टेशनवरच राहिली आणि दुपारभर सगळं घर ताक पीत बसलं. त्यानंतर काकडांची आठवण कुणाला करून द्यावी लागली नाही. म्हणूनच, हौसेने डोंगरावर जाऊन स्वतः भाजी खुडू नये. ज्यांना ओळख आहे त्यांच्याकडूनच घ्यावी, आणि घेताना चार प्रश्न विचारावेत.

नोकरी करणाऱ्या घरात रोज बाजारात जाणं होत नाही, हे मला ठाऊक आहे. कांदे-बटाटे खुशाल घरपोच मागवा. पण आठवड्यातून एकदा तरी बेत न ठरवता बाहेर पडावं. आधी पिशवी भरावी आणि मग पिशवीत काय आलं ते पाहून बेत करावा. आपल्या आज्या असाच स्वयंपाक करत. भोगीच्या भाजीत पावटा, हरभरा, वांगी, गाजर एकत्र येतात ते कुणी आधी यादी केली म्हणून नव्हे, पौषात बाजारात तेच असतं म्हणून.

आता अडचण आपल्या दारातली. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकण्याची वाट मोकळी झाली, शहरांत शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. ऑगस्टमध्ये आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो, तिथे आपण रांगा लावतो आणि फोटो काढतो. आणि आपल्याच सोसायटीच्या फाटकावर पाटी असते : 'फेरीवाल्यांना प्रवेश नाही'. डिलिव्हरीवाला वहीत सही करून दिवसातून वीसदा आत येतो. टोपली घेतलेली बाई मात्र फाटकाबाहेर.

पुढच्या महिन्यात बऱ्याच सोसायट्यांच्या वार्षिक सभा सुरू होतील. पार्किंग आणि गळतीवर भांडून झालं की एक साधा ठराव मांडा : रविवारी सकाळी सात ते नऊ, फाटकाच्या आत चार भाजीवाल्यांना जागा. पाणी द्या, सावली द्या. बाकीचं त्या सांगतील.