किड्याचे घर

जीवाश्म म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? बहुधा डायनोसॉरची प्रचंड हाडे. शेजारच्या दगडात बारीक, वाकड्यातिकड्या नळ्या दिसल्या, तर "हे तर किडे!" असे म्हणून आपण पुढे जातो. मला हे बरोबर वाटत नाही.

या नळ्या म्हणजे सर्पुला नावाच्या सागरी कृमींची आणि त्यांच्या भाईबंदांची घरे. सर्पुला या लॅटिन शब्दाचा अर्थ लहान साप. मराठीतला 'सर्प' तुम्हांला त्यात लगेच ओळखू येईल. कृमीचे शरीर मऊ असते. मेल्यावर ते कुजून जाते. पण शिंपला ज्या चुन्याचा बनतो, त्याच चुन्याची नळी तो स्वतःभोवती बांधतो आणि ती टिकते. जर्मनीच्या वायव्य भागात सुमारे साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचे खडक आहेत. त्यांचे थरच्या थर अशा नळ्यांनी भरलेले आहेत. त्या खडकाचे नावच 'सर्पुलिट'! कोणत्या डायनोसॉरच्या हाडांनी एवढे थर भरले आहेत?

घराचा मालक पाहायचा असेल, तर स्कॉटलंडमधील लॉख क्रेरन या खाडीत पाहावे. तिथे सर्पुला आजही राहतो. नळीच्या तोंडातून तो पिसांसारखा तुरा बाहेर काढतो. त्याच तुऱ्याने श्वास घेतो आणि पाण्यातले अन्नकणही त्यानेच पकडतो. चाहूल लागली की झटकन आत, आणि दाराला बूच! नळीवर नळी चढत जाते आणि मऊ तळावर सुमारे पाऊण मीटर उंचीची झुडपे उभी राहतात. स्पंजांना चिकटायला आधार मिळतो, खेकड्यांना लपायला जागा मिळते. तळाशी एक मोहल्लाच वसतो म्हणा ना!

"कृमींची एवढी काळजी कशाला?" असे कोणी विचारील. कारण ही झुडपे फार नाजूक असतात. दगडातल्या नळ्या कोट्यवधी वर्षे टिकल्या. इथल्या नळ्या नांगराची साखळी घासली तरी मोडतात. मग आसरा घेणाऱ्यांनी जावे कुठे? म्हणून या खाडीला कायद्याचे संरक्षण दिले आहे, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे.

आपल्या कोकण किनाऱ्यावरही शिंपल्याच्या पाठीवर चिकटलेल्या पांढऱ्या, नागमोडी नळ्या सापडतात. मात्र नळी दिसली की लगेच कृमी म्हणू नका. काही गोगलगायीही अशीच घरे बांधतात. लिनिअससारख्या थोर शास्त्रज्ञानेही १७५८ मध्ये अशा एका गोगलगाईला सर्पुलाच म्हटले होते!